डिस्टिलरीत वाफेच्या स्फोटाचा धोका नेमका बघायचा कसा? सांगली-साताऱ्याकडच्या जाणकारांनी सांगा

पेठनाक्यावरचा:

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत सेफ्टी बघतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू पण नका. आमच्याकडं इथेनॉलचं एक्स्पान्शन चाललंय, मॉलिक्युलर सीव्हचं (अल्कोहोलमधलं उरलेलं पाणी काढणारं) नवीन युनिट आणि नवीन स्टोरेज टाक्या येणारेत. त्यासाठी बाहेरच्या सल्लागारांकडून जोखीम अभ्यास करून घेतला, जाडजूड रिपोर्ट आलाय, उपग्रहाच्या फोटोवर धोका कुठवर पोचेल त्याची लाल पिवळी हिरवी वर्तुळं काढलीत आणि शेवटी लिहिलंय की धोका मान्य पातळीत आहे. मॅनेजमेंट समाधानी आहे. पण खरं सांगू का, तो सगळा रिपोर्ट वाचून उद्या सकाळी प्लँटवर मी वेगळं काय करायचं ते एका ओळीनं पण कळत नाही. सल्लागारांची टीम ऑगस्टमधे आली होती, कारखाना बंद, अर्धा दिवस फिरले, लेआउट आणि टाक्यांची यादी घेतली आणि गेले.

तर प्रश्न असा की ज्यांनी डिस्टिलरी, सॉल्व्हंट प्लँट, केमिकलमधे काम केलंय ते लोक हा धोका प्रत्यक्षात कुठून बघायला सुरुवात करतात? आणि त्या वर्तुळांवर किती भरवसा ठेवायचा? कामगारांना समजेल अशा भाषेत मिळालं तर फार बरं होईल, मला ते हंगामाच्या आधी शिफ्टवाल्यांना सांगायचंय.


डिस्टिलरी_अण्णा:

आयुष्य कृष्णाकाठच्या डिस्टिलऱ्यांतच गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

वर्तुळं नंतर बघा. आधी टाकीत अल्कोहोलच्या वर जी रिकामी जागा राहते तिथं काय आहे ते बघा. इथेनॉलची वाफ हवेत साधारण ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असली की पेटते. त्याच्या खाली असली तर विरळ म्हणून पेटत नाही आणि वर असली तर हवा कमी पडते म्हणून पेटत नाही. आता बंद टाकीत वाफ किती साठणार हे तापमानावर ठरतं. १२ अंशाला साडेतीन टक्के, २० ला सहाच्या आसपास, ३० ला दहा-अकरा, ४० ला अठराच्या जवळ. म्हणजे आपल्या भागात डिसेंबरच्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत त्या टाकीच्या पोटात पेटायला तयार असलेलं मिश्रण बसलेलं असतंय, जवळपास बारा महिने. पेट्रोलचं तसं नाही. भरलेल्या बंद टाकीत पेट्रोलची वाफ एवढी दाट होते की आत सहसा पेटण्याजोगं मिश्रणच उरत नाही. म्हणून पेट्रोलच्या डेपोवर काम केलेला माणूस इथेनॉलच्या टाकीला पण त्याच हिशोबानं वागवतो, आणि तो हिशोब इथं चालत नाही.

त्यात अजून एक गोष्ट जी मला वाटतं रिपोर्टमधे कुणी लिहीत नाही. स्फोट सगळ्यात जोराचा कधी होतो, तर वाफ आणि हवेतला ऑक्सिजन एकमेकाला पुरेपूर लागतात तेव्हा. इथेनॉलसाठी ते साडेसहा टक्क्यांच्या आसपास किंवा जरा वर येतं. आता वरचे आकडे परत बघा. टाकीच्या आत २०-२२ अंश असताना हे होतं. म्हणजे मे महिन्यात नव्हे, डिसेंबर-जानेवारीत, ऐन गळितात, टाक्या भरतायत रिकाम्या होतायत आणि टँकरची लाईन लागलीय तेव्हा. सगळे सांगतात उन्हाळ्यात जपा. बाहेर सांडलेलं अल्कोहोल उन्हाळ्यात जास्त उडतं, तिथं उन्हाळा वाईट, हे बरोबरच आहे. पण टाकीच्या आतला विचार केला तर थंडीचे दिवस जास्त वाईट, आणि थंडीत लोक निवांत असतात.

दुसरं म्हणजे ठिणगीच्या मागं लागून सुरुवात करू नका. इथेनॉलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. नायलॉनचा शर्ट घातलेल्या माणसाच्या बोटातनं लोखंडाला जी ठिणगी जाते तिच्यात त्याच्या कितीतरी पट असते. म्हणून मी कायम असं धरून चालायचो की ठिणगी येणारच आहे. अर्थिंग, फ्लेमप्रूफ, बूट, सगळं करायचंच, पण धोका मोजताना पहिला प्रश्न वाफ कुठं साठेल, दुसरा प्रश्न किती साठेल, आणि पेटवणारं काय हा तिसरा.

किती साठेल याचा अंदाज शिफ्टवाल्याला असा सांगा. १ लिटर इथेनॉल पूर्ण उडालं की साधारण ४०० लिटर वाफ होते. ती हवेत मिसळून ३.३ टक्क्यांवर आली की बारा-साडेबारा घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंच, साधारण ३४ घनमीटरची. म्हणजे ती अख्खी खोली पेटण्याजोगी व्हायला तीन लिटर पुरे. पंपहाऊसच्या दाराला लागून सील गळतंय आणि खाली बादली ठेवलीय, त्या बादलीतलं अल्कोहोल पुरतं.


तासगावचा_द्राक्षवाला:

वाचनखूण साठवली. अण्णा, शेतकऱ्याला पण कळेल असं लिहिलंत.


सॉल्व्हंट_मिरज:

अण्णांशी सहमत, फक्त आमच्या हेक्झेनबद्दल लिहितो कारण आपल्याकडं सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लँट (हेक्झेननं तेल काढणारे) पण आहेत आणि हे हिशोब तिथं बदलतात. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून पेटण्याजोगी वाफ सुटते तो) शून्याच्या खाली, उणे २२ च्या आसपास, म्हणजे कुठल्याही ऋतूत सांडलं की लगेच पेटण्याजोगी वाफ. १.१ टक्का वाफ झाली की पुरे. आणि वाफ हवेच्या तिप्पट जड, इथेनॉलची दीडपटच्या वर. ती पाण्यासारखी उतार शोधत जाते, केबल ट्रेंच, गटार, वजनकाट्याचा खड्डा, कन्व्हेयरचा बूट (तळाचा खोलगट भाग), जिथं खोलगट तिथं जाऊन बसते आणि गळती असते एकीकडं, भडका होतो भलतीकडं. आम्ही धोका बघताना प्लँटच्या ड्रॉइंगच्या आधी ड्रेनेजचं ड्रॉइंग काढतो. बऱ्याच जुन्या युनिटमधे ते ड्रॉइंगच सापडत नाही, मग माणूस पाठवून प्रत्येक चेंबर उघडून बघायचं.

अजून एक फरक म्हणजे इथेनॉल विजेचं वाहक आहे, अर्थिंग केलेल्या लोखंडी टाकीत चार्ज निघून जातो. हेक्झेन तसं नाही, पाइपातनं जोरात गेलं की स्वतःच चार्ज धरून ठेवतं. म्हणून आमच्याकडं भरताना पाइपाचं तोंड बुडेपर्यंत सेकंदाला १ मीटरच्या वर वेग जाऊ देत नाही आणि वरनं धार सोडून कधीच भरत नाही. भरून झाल्यावर लगेच डिप रॉड (पातळी मोजायची काठी) घालत नाही, अर्धा तास थांबतो. इथेनॉलवाल्यांनी पण प्लॅस्टिकचे कॅन, प्लॅस्टिकचं नरसाळं, सॅम्पलिंगला नायलॉनची दोरी हे सगळं बंदच करावं, कारण तिथं द्रव वाहक असला तरी भांडं वाहक नसतं.


जत_एक्सप्रेस:

मला एक शंका आहे. अल्कोहोल पाण्यात मिसळतं ना? मग सांडलं की पाणी मारलं, काम संपलं. हेक्झेन तरंगतं म्हणून ते डेंजर हे पटतं पण इथेनॉलची एवढी भीती का? आमच्या पाहुण्यांच्या प्लँटवर सरळ होज फिरवतात.


अग्निशमन_सातारा:

जत_एक्सप्रेस, हा गैरसमज आमच्याकडं नवीन येणाऱ्या पोरांत पण असतो, म्हणून आकडेच देतो. निम्मं पाणी निम्मं अल्कोहोल केलं तरी फ्लॅश पॉइंट २४ अंशाच्या आसपास. म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेत ते पेटतंच. पाचात एक भाग अल्कोहोल आणि चार भाग पाणी केलं तर ३६ च्या आसपास, म्हणजे सांगलीच्या एप्रिलमधे तेही पेटतं. एक बादली सांडली तर भरपूर पाणी मारून विरळ करता येईल, पण टाकीच्या डाईकमधे (भोवतीच्या बांधात) वीस हजार लिटर आलं तर त्याच्या कितीतरी पट पाणी कुठनं आणणार आणि ते मावणार कुठं? डाईक भरून ओसंडलं की तेच मिश्रण गटारातनं बाहेर जाणार.

दुसरं, साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही. अल्कोहोल फोममधलं पाणी ओढून घेतं आणि थर फुटतो. अल्कोहोलला चालणारा वेगळा फोम येतो, अल्कोहोल रेझिस्टंट लिहिलेलं असतं. डिस्टिलरीत गेल्यावर मी पहिल्यांदा फोमचे ड्रम बघतो, त्यावर काय छापलंय, तारीख काय आणि किती आहेत. पेठनाक्यावरचा, तुमच्या रिपोर्टमधे फोमचा प्रकार लिहिलाय का बघा जरा.

तिसरं, इथेनॉलची ज्वाला उन्हात नीट दिसत नाही. निळसर फिकी असते, धूर जवळजवळ नाही. दुपारी बारा वाजता माणूस आगीत चालत जाऊ शकतो. तुमच्या शिफ्टवाल्यांना हे नक्की सांगा, अंगाला झळ लागली की थांबायचं, डोळ्यावर विसंबायचं नाही.


पेठनाक्यावरचा:

फोमचा प्रकार लिहिलेला नाहीये. फक्त "फोम सिस्टिम उपलब्ध" एवढंच. आजच स्टोअरला जाऊन बघतो.


कऱ्हाडकर_ताई:

मी प्रोसेस सेफ्टीतच काम करते, माहेर कऱ्हाड, त्यामुळं धागा बघून राहवलं नाही. वर्तुळांबद्दल विचारलंय त्याचं उत्तर देते.

समजा १ टन इथेनॉलची वाफ ढग होऊन पेटली. जुनी सोपी पद्धत म्हणजे त्यातली किती टक्के ऊर्जा स्फोटात जाते ते गृहीत धरायचं आणि तेवढ्या टीएनटी या स्फोटकाइतका धक्का मानायचा. ३ टक्के धरलं तर साधारण १७५ किलो टीएनटी येतं आणि १ पीएसआय दाबाचं वर्तुळ शंभर मीटरच्या जरा आत बसतं. १ पीएसआय म्हणजे घरांचं बऱ्यापैकी नुकसान, काचा तर त्याच्या कितीतरी आधी जातात. आता तीच वाफ, तोच प्लँट, फक्त ३ च्या जागी १० टक्के धरलं, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या नियमात सगळ्यात वाईट प्रसंगासाठी तसं धरतात, तर तेच वर्तुळ १४० मीटरवर जातं. कुंपणाच्या आत की बाहेर हे एका गृहीतकावर ठरलं. म्हणून रिपोर्ट हातात आला की मी आधी शेवटची ओळ वाचत नाही, गृहीतकांचं पान वाचते. किती किलो धरलं, का तेवढंच धरलं, गळती किती मिनिटं चालू राहिली असं धरलं. १० मिनिटांत व्हॉल्व्ह बंद होईल असं लिहिलं असेल तर विचारा की रात्री तीन वाजता तो व्हॉल्व्ह बंद कोण करणार आणि तो व्हॉल्व्ह आहे कुठं, आगीच्या बाजूला की अलीकडं.

आणि ही टीएनटीची पद्धत वाफेच्या ढगाला तशी नीट बसत पण नाही. वाफेचा ढग मोकळ्या माळावर पेटला तर बहुतेक वेळा नुसता भडका होऊन जातो, धक्का फार नसतो. त्याच ढगात पाइप, जिने, खांब, यंत्रं यांची दाटी असेल तर ज्वाला अडथळ्यांतनं जाताना खळबळून वेग घेते आणि मग दाब तयार होतो. म्हणून नव्या पद्धतींत ढग किती मोठा यापेक्षा त्यातला किती भाग दाटीच्या जागेत सापडला ते बघतात. इंग्लंडमधे बन्सफील्डला ११ डिसेंबर २००५ ला पेट्रोलची टाकी भरून वाहिली, लेव्हल दाखवणारा गेज अडकला होता आणि त्यावरचा स्वतंत्र हाय लेव्हल स्विच पण चालला नाही. डेपो तसा मोकळाच, तरी स्फोट कुणी कल्पना केली नव्हती एवढा मोठा झाला, आणि तपासात रस्त्याकडेच्या दाट झाडाझुडपांकडं बोट गेलं. आपल्याकडं हरित पट्टा पाहिजे म्हणून टाक्यांच्या डाईकला लागून दाट झाडं लावतात. हरित पट्टा जरूर करा पण टाक्यांपासून लांब.

तुमच्या प्लँटला याचा अर्थ काय, तर थंड अल्कोहोल उघड्यावर सांडलं तर जास्त भीती आगीची. स्फोटाची भीती चार ठिकाणी: टाकीचं पोट, बंद पंपहाऊस किंवा खोली, गटार-ट्रेंच, आणि डिस्टिलेशन कॉलम (अल्कोहोल वेगळं करणारा उंच मनोरा) व सीव्हच्या बाजूची गरम वाफ. ती शेवटची मला जास्त काळजीची वाटते कारण तिथं द्रव उडायची वाट बघावी लागत नाही, फ्लँज गळला की सरळ वाफच बाहेर, ती पण पाइपांच्या दाटीत. रिपोर्टमधे बहुतेक फक्त स्टोरेज टाक्याच धरल्या असतील, कारण लिटरचा आकडा तिथं मोठा दिसतो. तपासून सांगा.


पेठनाक्यावरचा:

ताई, तुम्ही रिपोर्ट बघितल्यासारखं लिहिलंय. स्टोरेज टाक्या आणि टँकर लोडिंग एवढंच आहे. कॉलम आणि सीव्ह नाहीच.


औदुंबरकाठ:

सॉफ्टवेअरनं काढलं असेल तर बरोबरच असणार ना, एवढ्या मोठ्या कंपन्या वापरतात.


कऱ्हाडकर_ताई:

सॉफ्टवेअर गणित बरोबरच करतं. त्याला कॉलम दिलाच नाही तर ते कॉलमचं उत्तर देणार कसं?


डिस्टिलरी_अण्णा:

कॉलमवरनं आठवलं ते लिहितो. डिस्टिलेशन हाऊस मुळात उघडं असतं, चारी बाजूनं वारा पाहिजे म्हणूनच. पण पावसाळ्यात झड आत येते, पॅनल भिजतात, ऑपरेटर कुडकुडतो म्हणून एकेका मजल्याला पत्रे मारले जातात, आधी पश्चिमेकडून, मग दक्षिणेकडून. दोन वर्षांत तीन बाजू बंद. ड्रॉइंगवर मात्र ते अजून उघडंच असतं आणि झोन २ लिहिलेलं असतं. वारा बंद झाला की तो झोन २ राहत नाही, तिथले दिवे, मोटारी, जंक्शन बॉक्स सगळं परत बघायला लागतं. आयएस ५५७२ या भारतीय मानकात वाफ कायम असेल तर झोन ०, नेहमीच्या कामात येऊ शकत असेल तर १, क्वचित आणि थोडा वेळ येत असेल तर २ असं आहे, आणि हे ठरवताना हवा खेळती किती याला फार किंमत आहे. पत्रा मारणारा मेस्त्री हे कुणाला विचारत नाही, त्याला विचारायला कुणी सांगितलेलं पण नसतं.

फ्लेमप्रूफचं पण तसंच. बॉक्सला आठ बोल्ट असतात, उघडला की सहा बसवतात, ग्लँड (केबल आत जाते तिथली घट्ट पकड) नसला तर चिंधी कोंबतात. त्या बॉक्सचं काम आत झालेला भडका आतच थोपवायचं असतं, दोन घासलेल्या पृष्ठभागांमधल्या बारीक फटीतनं गॅस गार होऊन बाहेर पडतो. एक बोल्ट कमी असला तर ती फट वाढते आणि मग तो साधा बॉक्सच झाला. महागाचा बॉक्स घेऊन सर्टिफिकेट फाइलला लावलं म्हणजे झालं असं नाही. पेंटरनं फट रंगवली असेल, पाणी येतंय म्हणून कुणी गॅस्केट घातलं असेल, हे सगळं बघायचं. मी तर म्हणतो धोका मोजायला निघताना खिशात पाना आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ठेवा.


बोरगावकर_पाटील:

मी इंजिनिअर नाही, शेतकरी आहे, कारखान्याजवळ आमचं रान आहे. धागा पहिल्यापासून वाचतोय. एक विचारायचंय. ताईंनी शंभर मीटर, १४० मीटर सांगितलं. आमच्या भागात कारखान्याच्या कुंपणालगत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. बीडकडची, जतकडची माणसं, बायका, लहान लेकरं, चार-पाच महिने तिथंच. रोज पहाटे चुली पेटतात. बैलगाड्या, ट्रॅक्टरची रांग रात्रभर उभी असते, थंडीत ड्रायव्हर शेकोटी करतात. ही माणसं त्या रिपोर्टमधे धरतात का?


कऱ्हाडकर_ताई:

पाटील दादा, तुम्ही विचारलंत तो या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

खरं उत्तर हे की ऑगस्टमधे येऊन केलेल्या अभ्यासात ती माणसं बहुतेक धरली जात नाहीत. उपग्रहाच्या फोटोत तिथं मोकळं रान दिसतं. जोखीम काढताना आसपास लोक किती, किती वेळ, पक्क्या घरात की उघड्यावर हे सगळं घालायचं असतं, आणि कोपी म्हणजे ऊसाच्या पाचटाची, ती तर धक्क्याच्या आधी आगीलाच जाईल. त्यात चुली आणि शेकोट्या म्हणजे कायम पेटती ज्योत, म्हणजे वाफ तिथपर्यंत आली तर पेटायची शक्यता जवळजवळ खात्रीची. पेठनाक्यावरचा, तुमच्या रिपोर्टमधे लोकसंख्येचं पान काढा आणि जानेवारीतली माणसं मोजून तो आकडा बदलून घ्या. मान्य पातळीत आहे ही ओळ त्यानंतर टिकते का बघा. अण्णांनी सांगितलेलं टाकीतलं सगळ्यात जोरदार मिश्रण, टँकरची गर्दी, ट्रॅक्टरची गरम सायलेन्सर आणि या कोप्या हे सगळं एकाच महिन्यात येतं. अभ्यास त्या महिन्यातल्या कारखान्याचा व्हायला पाहिजे.

कायद्यात पण आधार आहे. घातक रसायनांचे १९८९ चे नियम आहेत, त्यात ठरावीक साठ्याच्या वर गेलं की सुरक्षा अहवाल, ऑन-साइट प्लॅन आणि आसपासच्या लोकांना माहिती देणं येतं. १९९६ च्या नियमांनी जिल्हा क्रायसिस ग्रुप आला, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ग्रामपंचायतीनं लेखी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. आणि कोप्या कुठं पडणार ही जागा हंगामाच्या आधी कारखानाच ठरवतो ना? मग ती वाऱ्याची दिशा आणि उतार बघून टाक्यांपासून लांब, उंचावर ठरवता येते. याला खर्च जवळजवळ नाही.


बोरगावकर_पाटील:

ताई धन्यवाद. ग्रामसभेत विषय घेतो.


सॉल्व्हंट_मिरज:

पाटलांनी चांगला मुद्दा काढला. जयपूरला २९ ऑक्टोबर २००९ ला सीतापुऱ्याच्या इंडियन ऑइल डेपोत हेच दिसलं. पाइपलाइनवर काम करताना पेट्रोल उसळलं, तासाभराहून जास्त वेळ गळत राहिलं, व्हॉल्व्ह लांबून बंद करायची सोय चालली नाही, ढग सगळ्या डेपोभर पसरला आणि मग पेटला. ११ माणसं गेली, त्यातली काही डेपोच्या बाहेरची होती. आग आठवड्याच्या वर जळत राहिली. त्यानंतर एम. बी. लाल समितीनं ज्या शिफारशी केल्या त्यात लांबून बंद होणारे व्हॉल्व्ह आणि गळती ओळखणारे डिटेक्टर यावर भर होता. सल्लागारांनी १० मिनिटं गळती धरली असेल तर त्यांच्यापुढं जयपूर ठेवा.


विटा_फिटर:

सगळे हंगामाचं बोलताय म्हणून ऑफ सीझनचं मी बोलतो. आम्ही कॉन्ट्रॅक्टवर मेंटेनन्सला जातो. कारखाना बंद झाला की टाक्यांची कामं निघतात, छताला पॅच मार, जिना बदल, नोझल टाक. साहेब सांगतात टाकी रिकामी आहे, चालू करा. आम्हाला कुणी सांगत नाही की रिकामी टाकीच जास्त वाईट.


डिस्टिलरी_अण्णा:

विटा_फिटर, लाखमोलाचं बोललात बाळा. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते. रिकामी केलेल्या टाकीत तळाला चार बोटं अल्कोहोल आणि वर सगळी टाकीभर वाफ-हवा. जगात टाक्यांचे जे स्फोट होतात त्यात वेल्डिंग-कटिंगचे किती आहेत ते कुठल्याही तपास अहवालात बघा.

अशा वेल्डिंग-कटिंगच्या कामाचं परमिट सही करण्याआधी काय व्हायला पाहिजे ते सांगतो. टाकीला येणारी प्रत्येक लाईन ब्लाइंड (पाइप बंद करणारी लोखंडी चकती) टाकून तोडायची, नुसता व्हॉल्व्ह बंद केलेला चालत नाही, व्हॉल्व्ह गळतो. व्हेंट हेडरनं (टाक्यांची वाफ बाहेर नेणाऱ्या सामाईक पाइपानं) शेजारच्या टाकीशी जोडलेली असेल तर तो पण तोडायचा, हे हमखास विसरतात, शेजारची टाकी भरायला घेतली की तिची वाफ व्हेंटमधनं तुमच्या टाकीत येते. मग पाण्यानं धुवायची, तळाचा गाळ काढायचा, ब्लोअर लावायचा. मग गॅस टेस्ट, वरती, मधे आणि तळाला, आणि आधी ऑक्सिजन बघायचा मग एलईएल (वाफ पेटायला लागते ती खालची मर्यादा, तिच्या किती टक्के वाफ आहे ते), कारण ऑक्सिजन कमी असला तर साधा डिटेक्टर एलईएल चुकीचं दाखवतो. सकाळी आठला टेस्ट केली आणि दुपारी तीनला पण त्याच चिठ्ठीवर काम चालू, असं होऊ द्यायचं नाही, जेवणाची सुट्टी झाली की परत टेस्ट. बाहेरनं छतावर वेल्डिंग करायचं असलं तरी हे सगळं तसंच, कारण ठिणगी बाहेर असली तरी पत्र्याची आतली बाजू लालभडक होते. आणि तुम्ही कॉन्ट्रॅक्टचे असलात तरी रीडिंग तुमच्या डोळ्यासमोर घ्यायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ (तो कायदा २०२५ पर्यंत लागू होता) च्या कलम ३७ मधेच होतं की ज्या टाकीत ज्वलनशील पदार्थ होता तिचं वेल्डिंग-कटिंग वाफ काढून टाकल्याशिवाय करायचं नाही.


कुपवड_इन्स्ट्रुमेंट:

तासगावच्या एकानं मला मेसेजमधे विचारलं की हळद दळायच्या गिरणीत पण असा स्फोट होतो का. धुळीचा होऊ शकतो, पण त्याचे हिशोब वेगळे, वेगळा धागा काढा, मी लिहीन. हळदीचं ओलिओरेझिन (घट्ट अर्क) काढणारं युनिट असेल तर मात्र तिथं सॉल्व्हंट वापरतात, त्याला मिरजकरांनी लिहिलेलं सगळं लागू.


पेठनाक्यावरचा:

मंडळी, काल आमची मिटिंग झाली. तुमच्या सगळ्यांचे मुद्दे छापून नेले होते. फोमचे ड्रम बघितले, साधा फोम निघाला, बदलायची ऑर्डर मंजूर झाली. डिस्टिलेशन हाऊसचे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचे पत्रे काढायचे ठरले, ऑपरेटरसाठी बाजूला वेगळी केबिन. सल्लागारांना लेखी कळवलं की कॉलम आणि सीव्ह धरा, गळतीचा वेळ कसा ठरवला ते लिहा आणि जानेवारीत परत या. ते येणार म्हणालेत. कोप्यांची जागा शेती विभागाकडं असते, त्यांनी आधी हे आमचं काम नाही म्हटलं, मग चीफ केमिस्ट साहेबांनी पाटील दादांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला, त्यानंतर पलीकडच्या माळाची जागा बघायला कबूल झाले. पाण्याची टाकी तिकडं न्यावी लागणार, त्याचं बजेट अजून अडलंय, मी पाठपुरावा करतोय.

आता एकच राहिलं. आमच्याकडं टाक्यांजवळ आणि पंपहाऊसमधे गॅस डिटेक्टर आहेत, अलार्म २० आणि ४० टक्के एलईएलला. पंपहाऊसचा छताजवळ बसवलाय. वर्षाला एकदा एजन्सी येऊन मिथेनचा सिलिंडर लावून कॅलिब्रेट करते आणि स्टिकर मारते. एवढं बास आहे का?


कुपवड_इन्स्ट्रुमेंट:

बास नाही. तुमच्या वाफेला छत नको, जमीन पाहिजे. इथेनॉलची वाफ हवेपेक्षा जड, डिटेक्टर जमिनीपासून फूट-दीड फुटावर घ्या, पंपाच्या सीलच्या बाजूला आणि वारा ज्या दिशेला वाहतो तिकडं. पंपहाऊसमधे ट्रेंच असेल तर एक ट्रेंचच्या तोंडाशी. छताजवळचा बायोगॅसच्या बाजूला न्या, तुमच्याकडं स्पेंटवॉशचा (डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा) बायोगॅस करणारा डायजेस्टर असणारच, मिथेन हलका असतो, तिथं वरच पाहिजे.

मिथेनवर कॅलिब्रेट केलेला कॅटॅलिटिक (वाफ जाळून मोजणारा) डिटेक्टर इथेनॉलला खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. किती कमी ते प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमधे गुणकाच्या तक्त्यात असतं, तो गुणक एजन्सीकडून लेखी घ्या आणि सेटिंग त्याप्रमाणं करून घ्या. नाहीतर तुमचा २० चा अलार्म वाजेल तेव्हा हवेत खरं ३० च्या आसपास असेल. वर्षातनं एकदा पण फार कमी, सिलिकॉनचा स्प्रे किंवा सीलंट आसपास वापरला तर हा सेन्सर मरतो आणि शून्य दाखवत राहतो, बाहेरनं कळतच नाही. दर महिन्याला थोडा टेस्ट गॅस सोडून सुई हलते का बघा, अलार्म कंट्रोल रूममधे वाजतो का बघा आणि पंप ट्रिप (आपोआप बंद) व्हायला जोडला असेल तर तो खरंच ट्रिप होतो का तेही. आमच्याकडं एका ठिकाणी अलार्म व्यवस्थित वाजत होता पण ट्रिपची वायर पॅनलमधे काढून ठेवलेली होती, कारण वारंवार ट्रिप होतंय म्हणून कुणीतरी शिफ्टमधे काढली. तुमच्या पॅनलमधे असं काही जंपर (ट्रिप टाळायला जोडलेली वायर) घातलंय का ते हंगाम सुरू व्हायच्या आधी स्वतः उघडून बघा, इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या आणि प्रत्येक लूपचा फोटो काढून ठेवा. टेस्ट गॅसचं किट पाहिजे असेल तर व्यनि करा, मॉडेल नंबर पाठवा म्हणजे गुणकाचा तक्ता पण शोधून देतो.